विनंती थांब्यावरची चिलखती गाडी

होरेस पिलबीम यांनी काढलेल्या चिलखती गाडीत शिरताना कुणाचंही डोकं आपटत नसे, आणि लष्कराची मुख्य तक्रार नेमकी तीच होती.

पिलबीम यांचं वय तेव्हा एकोणसाठ. त्यातली तीस वर्षं ब्रॅकली ग्रीनच्या क्रचली बस कारखान्यात दुमजली बसगाड्यांचे आराखडे काढण्यात गेली. लंडनच्या त्या अंगाला राहणाऱ्या बाईने सकाळी कामावर जाताना जो दांडा धरला, तो पिलबीम यांनी वाकवलेला. जिच्यावर पाय ठेवला त्या पायरीची उंची पिलबीम यांनी ठरवलेली. ही उंची ठरवायला ते एकदा तीन आठवडे बाजाराच्या कोपऱ्यावर उभं राहून बायकांच्या पायांकडे बघत होते. चौथ्या आठवड्यात पोलीस आला. पिलबीम यांनी त्याला शांतपणे वही दाखवली. वहीत चारशे बारा गुडघ्यांची मापं होती, वयोगटानुसार. पोलिसाने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि जाताना स्वतःच्या बायकोच्या गुडघ्याचं माप सांगून गेला. उत्तर आलं साडेचौदा इंच. तेव्हापासून क्रचलीच्या प्रत्येक गाडीची पायरी साडेचौदा इंचांवर.

मग युद्ध लागलं. बसगाड्या बांधणं बंद झालं आणि कारखान्यात लष्करी लॉऱ्या होऊ लागल्या. लॉरीत बटाटे किंवा शिपाई बसणार. दोघांच्याही गुडघ्यांची कुणाला पडलेली नव्हती. पिलबीम यांच्या खोलीत त्यांच्यासह पाच माणसं होती, आणि ती पाचही माणसं दीड वर्ष पेन्सिलींना टोक काढत होती.

एके दिवशी मालक अ‍ॅम्ब्रोज क्रचली खोलीत आले. त्यांनी टोकदार पेन्सिलींची रांग पाहिली आणि खुर्ची ओढली.

"होरेस, सरकारचं पत्र आलंय. रिकामे हात दाखवा म्हणतात. तुमच्या खोलीतले दहा हात आहेत."

"मग?"

"मग चौघांना चार गावांना पाठवतील. तुम्हाला उत्तरेत. नटबोल्टच्या गोदामावर देखरेख."

पिलबीम यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या मिस टॅप्सेलकडे पाहिलं, जी त्यांच्याकडे एकोणीस वर्षं आराखडे उतरवत होती. भिंतीवरच्या बसगाडीच्या चित्राकडे पाहिलं. आणि मग आपल्या हातांकडे. हे हात बोल्ट मोजत बसलेले त्यांना दिसेनात.

"एक गोष्ट आहे," क्रचली म्हणाले. "वाळवंटात लढायला लष्कराला जड चिलखती गाडी हवी आहे. मोठी चाकं, जाड पत्रा, रणगाड्याची तोफ. आपल्याकडे तोफा ओढायच्या गाडीचा एक सांगाडा पडून आहे. त्यावर करून दाखवा. सहा महिने देतो. समितीला पसंत पडली तर ही खोली राहील, माणसंही राहतील. नाही पडली तर..."

"नटबोल्ट," पिलबीम म्हणाले.

"नटबोल्ट," क्रचली म्हणाले.

तर असं होतं सगळं. आता बसगाडी काढणाऱ्या माणसाला चिलखती गाडी काढायला सांगितली की काय होतं ते बघा.

पहिल्या दिवशी पिलबीम यांनी कागदावर सगळ्यांत आधी काय काढलं? तोफ नाही, पत्रा नाही. पायरी काढली. साडेचौदा इंचांवर. शेजारी धरायला दांडा.

"साहेब," मिस टॅप्सेल म्हणाली, "वाळवंटात बायका चढणार आहेत का?"

"शिपायालाही गुडघे असतात, मिस टॅप्सेल."

"असतात. पण तो उडी मारतो म्हणे."

"उडी मारावी लागते कारण पायरी नीट नसते."

मिस टॅप्सेलने पायरी उतरवून घेतली. एनिड टॅप्सेलची जीभ तिच्या पेन्सिलीपेक्षा टोकदार होती, पण ती साहेबांची रेघ कधी खोडत नसे. फक्त ऐकवत असे.

मग आलं छप्पर. पिलबीम यांचा नियम असा, की गाडीतल्या सगळ्यांत उंच माणसाच्या डोक्यावर चार बोटं जागा उरली पाहिजे. कारखान्यात सगळ्यांत उंच माणूस म्हणजे कथबर्ट टगवेल, नव्या गाड्या रस्त्यावर चालवून बघणारा ड्रायव्हर. सहा फूट तीन इंच. त्याआधी बावीस वर्षं तो सत्तेचाळीस नंबरची बस चालवायचा. त्याला गाडीच्या लाकडी साच्यात बसवलं, तर टोपी छपराला टेकली. पिलबीम यांनी छप्पर वर घेतलं. पुन्हा बसवलं. आता टोपीवरचं बटण टेकलं. छप्पर आणखी वर गेलं.

"टगवेल, टोपी काढून बसलास तर?" मिस टॅप्सेलने विचारलं.

"ड्रायव्हरने टोपी काढायची म्हणजे घरी जायचं, मिस."

शेवटी छप्पर इतकं वर गेलं, की साच्याच्या सुताराला वाटलं यावर वरचा मजलाही येणार. त्याने जिन्याचं लाकूड कापून ठेवलं होतं. ते परत पाठवावं लागलं.

घंटीचंही तसंच. आत इंजिनाचा एवढा आवाज, की वर तोफेच्या फिरत्या घुमटात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने खाली ड्रायव्हरला काही सांगायचं तर घसा फाटायचा. लष्कर म्हणत होतं बोलायची नळी लावा. पिलबीम यांनी आतून एक दोरी ओढली आणि टोकाला बसची घंटी टांगली. एक टोला, थांब. दोन टोले, चल. तीन टोले, गाडी भरली, कुणी हात केला तरी थांबू नकोस.

"तिसऱ्याचा युद्धात उपयोग काय, साहेब?"

"शत्रू चढायला लागला तर," पिलबीम म्हणाले, आणि ते अजिबात हसले नाहीत.

गाडी तयार झाल्यावर तिला कलवून बघायचं ठरलं. दुमजली बस रस्त्यावर येण्याआधी वरच्या मजल्यावर वाळूची पोती ठेवून ती एका फळीवर आडवी कलवतात. अठ्ठावीस अंशांपर्यंत पडली नाही तर पास. फोरमनने डोकं खाजवलं.

"साहेब, हिला वरचा मजला नाही."

"मग पोती घुमटावर ठेवा."

ठेवली. नऊ टन लोखंड अठ्ठावीस अंशांत कललं, करकरलं, आणि पडलं नाही. कारखान्याच्या कारकुनाने नेहमीचा शिक्का मारून दाखला दिला, की वरच्या मजल्यावरचे उतारू सुरक्षित आहेत. क्रचलींनी तो दाखला लष्कराच्या फाइलमध्ये लावू नका म्हणून सांगितलं. लागला.

समिती येणार तो गुरुवार. सकाळी दहाला कारखान्यातून निघायचं, सात मैलांवरच्या हॉगमूर माळावर दहा चाळीसला हजर व्हायचं, वाटेत कुठेही थांबायचं नाही. समितीचे प्रमुख कर्नल हेक्स्ट माळावर घड्याळ लावून उभे असणार. ते घोडदळातले. घोडा सोडून चाकांवर यावं लागल्याचा राग ते भेटेल त्या गाडीवर काढत, असं ऐकिवात होतं.

गुरुवारी सकाळी दोन गोष्टी कारखान्यात पोचल्या नव्हत्या. एक, तोफ. ती दुसऱ्याच कारखान्यात उतरवली होती. म्हणून घुमटात छपराच्या पन्हाळीचा एक लांब नळ बसवला. दुसरी, हिरवा रंग. गाडीला गंज येऊ नये म्हणून आधी द्यायचा तांबडा हात तेवढा देऊन झाला होता. बाकी पुढचं तोंड, पाणी थंड करायची जाळी, इंजिन, सगळं क्रचलीच्या बसचंच. तर अशी तांबडीलाल, उंच, बसच्या तोंडाची, बसच्या आवाजाची गाडी, आणि ड्रायव्हरच्या जागी टगवेल, फाटकातून बाहेर पडली. पुढची झडप उघडी ठेवून तो बसला होता, त्यामुळे त्याची टोपी मैलभरावरून दिसत होती. घुमटात पिलबीम उभे. आत दारूगोळ्याच्या वजनाची वाळूची पोती, आणि पोत्यांवर वही घेऊन मिस टॅप्सेल.

आता हॉगमूर माळाचा रस्ता कुठला? सत्तेचाळीस नंबरचा.

पहिले तीन थांबे रिकामे होते. चौथा विनंती थांबा होता, म्हणजे हात केला तरच थांबायचं. तिथे मिसेस स्प्रॅकलिंगने हात केला.

गाडी थांबली. झोकात थांबली, पायरी बरोबर खांबासमोर.

"टगवेल!" पिलबीम वरून ओरडले. "थांबलास का?"

"हात केला, साहेब."

"कुणी?"

"मिसेस स्प्रॅकलिंगनं. त्या ओल्या हातानं चिमटा काढतात, साहेब, एकदा थांबा चुकवला होता तेव्हा—"

"अरे, ही बस नाही!"

"मला ठाऊक आहे, साहेब. माझ्या पायाला अजून कुणी सांगितलं नाही."

थांब्यावर आठ बायका आणि म्हातारे मिस्टर नन, डबा छातीशी धरून, एकामागे एक रांगेत उभे होते. सगळे हॉगमूर इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. त्यांनी गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तास झाला होता वाट बघून.

"अगं बाई, खिडक्या कुठं गेल्या?" एकीने विचारलं.

"बाँबमुळं बंद केल्या असतील. काचा उडतात ना."

"आणि ते वर नळकांडं कसलं?"

"धुराडं. हल्ली काही गाड्या गॅसवर चालवतात म्हणे."

"वास मारत असणार."

"युद्ध चालू आहे, एथेल. वास सहन करायचा." मिसेस हेप्झिबा स्प्रॅकलिंग त्रेसष्ट वर्षांची, अंगाने भरभक्कम, दोन्ही हातांत जाळीच्या पिशव्या, एकीत कोबी. तिने टगवेलकडे पाहिलं. "कथबर्ट! लष्करात घेतलं म्हणत होते तुला. परत आलास का?"

"रजेवर समजा, मावशी."

"तरीच उशीर. नेहमीच्या पोराला कळत नाही कुठं थांबायचं ते."

पिलबीम यांच्या हातात घंटीची दोरी होती. तीन टोले द्यायचे, टगवेलने निघायचं, दहा चाळीसला माळावर पोचायचं, खोली वाचवायची. सरळ होतं सगळं. त्यांनी घड्याळ पाहिलं. दहा वीस. दोरी घट्ट धरली.

तेवढ्यात मिसेस स्प्रॅकलिंगने डावा पाय पायरीवर ठेवला, कोबीचा हात दांड्याला लावला आणि वर आली. कण्हली नाही, थांबली नाही, "अरे देवा" म्हणाली नाही. साडेचौदा इंच. पिलबीम यांनी तो गुडघा पाहिला आणि दोरीवरचा हात सैल पडला. तीस वर्षांत चढलेल्या उतारूला त्यांनी खाली उतरवलं नव्हतं. आता कसं उतरवायचं ते त्यांना ठाऊकही नव्हतं.

"मिस टॅप्सेल," ते क्षीण आवाजात म्हणाले.

मिस टॅप्सेलने साहेबांचं आणि मिसेस स्प्रॅकलिंगचं तोंड पाहिलं, वही बंद केली, आणि एकोणीस वर्षं मनात दाबून ठेवलेला आवाज बाहेर काढला.

"चला, आत सरका! चौघी आत, पोत्यांवर बसा! बाकीच्या वर! मिस्टर नन, डबा आधी द्या! नळाला धरू नका कुणी, तो सुटतो!"

"तिकीट?" एथेलने विचारलं.

"आज लष्कराकडून."

"बरं झालं. काहीतरी दिलं एकदाचं त्यांनी."

पिलबीम यांनी दोन टोले दिले.

हॉगमूर माळावर सकाळपासून दुसऱ्या एका कारखान्याची गाडी तपासून झाली होती. ती बसकी, देखणी, सापासारखी. धावली छान, चढली छान. मग कर्नल हेक्स्ट म्हणाले, गाडी पेटली असं समजा आणि तिघांनी बाहेर पडा. दोघे पडले. तिसरा, एक कॉर्पोरल, झरोक्यात कमरेशी अडकला. त्याला ओढलं, ढकललं, तंबाखूचा धूर सोडला. शेवटी कुणीतरी म्हणालं लोणी चोळा, तर रेशनचं लोणी कॉर्पोरलच्या कमरेला चोळायचं की नाही यावरून समितीतच दोन तट पडले. मतं घ्यायची वेळ आली तेव्हा तो आपोआप सुटला. कर्नलांनी घड्याळ मात्र एकेचाळीस सेकंदांवरच थांबवलं होतं.

दहा पंचावन्नला टेकडीआडून आधी टोपी दिसली, मग नळ, मग तांबडीलाल गाडी, आणि तिच्यावर पिशव्या घेतलेल्या चार बायका आणि मिस्टर नन. कुणीतरी आत गात होतं.

गाडी समितीसमोर थांबली. कर्नल हेक्स्ट यांचं तोंड मिशीसकट थरथरत होतं.

"मिस्टर पिलबीम. पंधरा मिनिटं उशीर. आणि हे काय?"

"उतारू," पिलबीम म्हणाले. 

"उतारू! उद्या शत्रू समोर आला तरी तुमची गाडी थांबेल का?"

"त्याने हात केला तर थांबेल, साहेब," टगवेलने झडपेतून सांगितलं.

आधीच माळावर येऊन थांबलेल्या क्रचलींनी मागे डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मिस टॅप्सेलने, जिला हे सगळं आतून नीट ऐकू येत नव्हतं, दोरी एकदा ओढली आणि गर्जना केली, "हॉगमूर! उतरा सगळे, इस्पितळाचं इथून पुढं चालत!"

बायका उतरू लागल्या. आयुष्यभर बसमधून उतरलेल्या बाईला उतरायला शिकवावं लागत नाही. पाठ फिरवायची, दांडा धरायचा, एक पाय पायरीवर, पिशवी पुढचीच्या हातात, खाली. मागचीने वाट बघायची नाही, पुढचीने मागे बघायचं नाही. कर्नलांचा अंगठा घड्याळावर होता. सकाळच्या सवयीने तो आपोआप दाबला गेला. आठ बायका, एक म्हातारा, एक डबा, एक कोबी. अंगठा पुन्हा दाबला गेला. कर्नलांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, चालतंय का म्हणून.

सव्वीस सेकंद.

"परत करा," ते म्हणाले.

"परत?" मिसेस स्प्रॅकलिंग वळली. "आम्ही कामावर चाललोय, मिस्टर. आधीच उशीर झालाय, तुमच्या या धुराडेवाल्या गाडीनं."

"बाईसाहेब, युद्धाला तुमची गरज आहे."

"युद्धाच्या चादरी कोण धुतं मग? तुम्ही?"

 घोडदळात कर्नलांना कुणी असं विचारलेलं नव्हतं. मग त्यांनी टोपीला हात लावला. "एकदाच. नंतर मी तुम्हाला इस्पितळाच्या दारात सोडायला सांगतो."

"गाडीनं?"

"गाडीनं."

बायका पुन्हा चढल्या आणि पुन्हा उतरल्या. या खेपेला मिस्टर नन यांनी डबा आधी देण्याऐवजी डोक्यावर ठेवला. तेवीस सेकंद. समितीतले दोघे जण नकळत टाळ्या वाजवायला गेले आणि त्यांनी हात खिशात घातले.

मग उतारूंना बाजूला बसवून गाडी टेकडीवर चढवली, वाळूच्या खड्ड्यातून काढली, मागे नेली, वळवली. ते सगळं झालं. इंजिन बसचं असलं तरी बसवाल्यांनी ते सोमवारी सकाळच्या चढावर भरलेली गाडी न्यायला केलेलं होतं. वाळवंटाला त्यापुढे फार काही जमणार नव्हतं. क्रचलींच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

कर्नल मात्र गाडीभोवती चालत होते. शेवटी ते दूर जाऊन माळावर गुडघ्यांवर बसले आणि गवताच्या एका उंचवट्याआडून तिच्याकडे बघू लागले.

"मिस्टर पिलबीम, इकडे या. बसा इथं. काय दिसतं?"

पिलबीम कष्टाने बसले. "घुमट दिसतो."

"किती?"

"नऊ इंच. छप्परच."

"वाळवंटात एवढेच उंचवटे असतात. त्यामागे गाडी लपवायची, बघायचं, मारायचं, निघून जायचं. जो आधी दिसतो तो आधी मरतो." कर्नलांचा आवाज खाली आला होता आणि मिशी थरथरत नव्हती. "वसंत ऋतूत माझ्या तुकडीतली तीन पोरं अशाच एका उंच गाडीत होती. ऐसपैस गाडी. त्यांनीच पत्रात लिहिलं होतं, मजा आहे म्हणून."

पिलबीम गवताकडे बघत राहिले.

"नऊ इंच काढा," कर्नल म्हणाले. "बाकी गाडी मला आवडली. दार आवडलं. ती पायरी कुणाच्या डोक्यातून आली?"

"चारशे बारा गुडघ्यांतून," पिलबीम म्हणाले.

कर्नलांना कळलं नाही, पण ते पुढे म्हणाले, "तुमच्या मालकांना विचारलं. ते म्हणतात अशक्य. खाली चाकांचा आस आहे, वर तोफ आहे, मध्ये माणूस. काढायचे कुठून?"

क्रचली जवळ येऊन उभे होते. मिस टॅप्सेलही आली होती. सगळे पिलबीम यांच्याकडे बघत होते. पिलबीम यांना उत्तर ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वीपासून ठाऊक होतं, आणि त्या उत्तराचं त्यांनी कुणासमोर नाव काढलं नव्हतं.

त्या वर्षी एका गावाने बुटक्या रेल्वेपुलाखालून जाईल अशी दुमजली बस मागितली होती. पिलबीम यांनी वरच्या मजल्यावरची चालायची वाट एका बाजूला खोल चर करून खाली उतरवली. गाडी ठेंगणी झाली, पुलाखालून सुटली. पण तो चर खालच्या मजल्यावरच्या माणसांच्या डोक्यावर आला. बसलं तोवर ठीक, उठलं की टाळूवर दणका. कारखान्यात एकशे सतरा पत्रं आली. पिलबीम यांनी प्रत्येकाला हाताने उत्तर लिहिलं, माफी मागितली. एका निवृत्त शिक्षकाने पत्राऐवजी चेपलेली हॅट पाठवली. ती पिलबीम यांनी कपाटात ठेवली होती, आणि पुन्हा असलं पाप करणार नाही असं तिच्याकडे बघून ठरवलं होतं.

"होरेस?" क्रचली म्हणाले.

"गाडीच्या तळात चर करता येईल," पिलबीम म्हणाले. प्रत्येक शब्द दाढ उपटावी तसा आला. "सांगाड्याच्या दोन तुळयांमध्ये. माणसं त्यात पाय सोडून बसतील. सगळं खाली येईल. नऊ इंच निघतील."

"मग झालं की!"

"झालं नाही, कर्नल. बसलेलं असताना झालं. उठलं की तोफेच्या आडव्या दांड्यावर डोकं आपटेल. रोज. प्रत्येकाचं."

"आपटू दे!"

"असं म्हणू नका," पिलबीम म्हणाले. "डोकं आपटलेला माणूस माझ्या गाडीत बसलेला असतो. मी छप्पर खाली घेईन. पण त्या दांड्याला जाड कातडी गादी लागेल, घोड्याचे केस भरलेली, बसच्या पहिल्या दर्जाची. आणि प्रत्येक जागेसमोर पितळी पाटी लागेल. 'उठण्यापूर्वी कृपया डोकं सांभाळा.'"

"लष्करात 'कृपया' नसतं, मिस्टर पिलबीम."

"मग नऊ इंचही नाहीत."

 क्रचली आकाशाकडे बघू लागले, बहुतेक उत्तरेकडे. गवतात गुडघ्यांवर बसलेले दोन म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले.

"घोड्याचे केस?" कर्नलांनी शेवटी विचारलं.

"आयाळीचे. शेपटीचे टोचतात."

"ते बरोबर आहे. शेपटीचे टोचतात." कर्नलांनी उठायला हात पुढे केला; कोण कुणाला उठवतंय ते काही कळलं नाही. "सोमवारी आराखडा आणा. नऊ इंच गेलेले असतील तर तुमची गाडी पसंत. 'कृपया' मी वाचलंच नाही असं समजतो."

मिस टॅप्सेलने वही उघडली, तारीख घातली, आणि खाली लिहिलं, खोली राहिली. तिचं अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं.

कबूल केल्याप्रमाणे गाडी इस्पितळाकडे निघाली. कर्नलांना तिथून फोन करायचा होता, म्हणून तेही आले. रांगेत मध्ये घुसायला गेले तेव्हा एथेलने त्यांना मिस्टर नन यांच्या मागे पाठवलं. त्यामुळे त्यांना बाहेर पायरीवर उभं राहावं लागलं, दांडा धरून. आत पिलबीम यांनी खिशातून पट्टी काढली होती. मिसेस स्प्रॅकलिंगला त्यांनी दोन पोत्यांमधल्या खळग्यात बसवलं, पाय खाली, आणि तिच्या डोक्यापासून छपरापर्यंत मोजायला घेतलं.

"काय चाललंय, मिस्टर? मी मेले नाही अजून, माप कसलं घेताय?"

"फार उपकार होतील, बाई. आता उठून दाखवा. घाईने."

"घाईने कशाला? इस्पितळ अजून आलं नाही."

"शत्रू आलाय असं समजा."

मिसेस स्प्रॅकलिंगने कोबी मांडीवर नीट बसवला.

"शत्रू आला असेल तर तो येईल इथं," ती म्हणाली. "मला जागा मिळालीय. मी उठणार नाही."

पिलबीम यांनी पेन्सिल थुंकीने ओली केली आणि बसल्या जागीची उंची लिहून घेतली.